सुपडू नानांचा भरलेला कप

माझ्या दुकानात कुणी येऊन "शेठ, मोठा लेथ पाहिजे, जुना चालेल" असं म्हणालं, की मी दोन गोष्टी करायचो. समोरच्या टपरीवाल्याला हातानं खूण करून चहा सांगायचो आणि सुपडू नानांना फोन लावायचो. आता चहा तेवढा सांगतो. मग गिऱ्हाईक मोबाइल काढून कुठल्याशा लेथचे फोटो दाखवतं आणि मी ते बघून मान डोलावतो. नाना इथं असते तर त्यांनी त्या फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. "फोटोत रंग दिसतो, झीज दिसत नाही," असं म्हणून त्यांनी तो मोबाइल त्या माणसाच्या खिशात स्वतःच्या हातानं परत घातला असता. असं त्यांनी एकदा खरोखर केलेलं आहे. ते गिऱ्हाईक पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही.

जळगावच्या एमआयडीसीत माझं बेअरिंग आणि पट्ट्यांचं दुकान आहे. आमचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण माझा जन्म इथला, शाळा इथली, आणि रागावलो की तोंडात येणारी भाषाही इथलीच. मशीन चालवणं मला येत नाही; मशीनला लागणारं सामान विकणं येतं. लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा गोल फिरवून तासायचं यंत्र, एवढं मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण एखादा जुना, अजस्र, सोळा-सोळा फुटी लेथ, जो कुणाच्या आजोबांच्या काळात बोटीतून आला आणि ज्याच्यावर कापसाच्या जिनिंगचे रोलर नि पंपाचे लांबलचक शाफ्ट तासले गेले, तो अजून कामाचा आहे की नुसता रंगवलेला लोखंडाचा ढीग, हे सांगणारी माणसं आमच्या भागात फार नव्हती. जळगावपासून धुळ्यापर्यंत ज्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून विसंबायचे, ते एकटे नाना.

सुपडू हे नाव खानदेशाबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. नानांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना सुपात घातलं, दृष्ट लागू नये म्हणून नावही तेच ठेवलं. "म्हणजे मी पाखडून राहिलेला दाणा," असं ते ऐटीत सांगायचे. ऐट हा त्यांचा स्थायीभाव होता. नम्र वगैरे ते अजिबात नव्हते. धुळ्याच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून ते मिस्तरी झाले, गिरणी बंद पडली तेव्हा जळगावला आले, आणि आल्या दिवसापासून इथल्या प्रत्येक मिस्तरीला त्यांनी कसं काहीच येत नाही ते तोंडावर सांगितलं. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. तेलानं माखलेल्या मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचे, पण शर्टावर डाग नाही. डाग पडलेला मिस्तरी दिसला की मला कोपरानं ढोसून म्हणायचे, "हा मशीनशी कुस्ती खेळतो."

त्यांच्याजवळ एक खाकी पिशवी असायची. तिच्यात आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं मापाचं घड्याळ, एक लोहचुंबक, हातआरसा, बॅटरी आणि सागाची एक हातभर दांडी. लेथसमोर उभे राहिले की आधी काहीच करायचे नाहीत. नुसते बघत एक फेरी मारायचे. मालक "जर्मन आहे नाना, अस्सल जर्मन" वगैरे सुरू करायचा. नाना जिथं कंपनीची पाटी असायला हवी तिथला रंग नखानं खरवडायचे. पाटी बहुतेक वेळा कुणीतरी उपटून नेलेली असते किंवा मुद्दाम बदललेली असते. "पाटी उपटली तरी भोकं उपटता येत नाहीत," ते म्हणायचे. पाटीच्या रिबिटांची भोकं किती आणि कशी, बेडच्या शेवटच्या टोकाला नंबर कुठं ठोकलाय, पायांच्या आतल्या अंगाला ओतकामात कुठली अक्षरं आलीत, आटे इंची की मिलिमीटरचे, यावरून ते मशीनचं गाव सांगायचे. पुष्कळदा जर्मनीहून निघालेलं मशीन नानांच्या तपासात पंजाबातल्या बटाल्याला उतरायचं.

मग लोहचुंबक ओतकामावरून फिरायचा. जिथं तो हाताला ओढ देईना, तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असायची किंवा तडा पितळेनं सांधलेला असायचा. मग मशीन सुरू करून सागाची दांडी एका टोकानं मशीनच्या डोक्यावर आणि दुसऱ्या टोकानं कानाला. त्या वेळी कुणी खोकलं तरी त्यांचे डोळे वटारले जायचे. शेवटी बेड. बेड म्हणजे लेथचा लांब पाठीचा कणा, ज्याच्यावरून हत्यार धरणारी सॅडल मागं-पुढं सरकते. लहान कामं सगळी चकजवळ, म्हणजे दांडा पकडून फिरवणाऱ्या जबड्याजवळ, होतात, म्हणून बेड चकजवळ झिजतो आणि दुसऱ्या टोकाला कोरा राहतो. नाना सॅडल चकजवळ आणून तिथं ती घट्ट करायचे आणि मग हातानं फिरवत शेवटापर्यंत न्यायचे. झिजलेल्या बेडवर ती वाटेतच, कोरा उंच भाग लागला की, अडकून बसायची. कुठं अडकली तिथं बोट ठेवून ते मालकाकडे बघायचे. मालक तोवर छताकडे बघत असायचा.

हे सगळं इतर मिस्तरीही थोडंफार करतात. नानांचं वेगळेपण चहात होतं.

निकाल देईपर्यंत ते विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. "चहा पोटमा गया का डोया मऊ व्हतस," असं मला त्यांनी पहिल्याच फेरीत बजावलं. एरवी ते बरं पुस्तकी मराठी बोलायचे, पण मनापासूनचं काही असलं की अहिराणीवर यायचे. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, आणि जागलं की मशीनचा खड्डा दिसेनासा होतो, असं त्यांचं साधं गणित होतं. मशीन पास झालं तर ते काही बोलायचे नाहीत. मालकानं मघापासून ठेवलेला कप उचलायचे आणि गार झालेला चहा एका दमात प्यायचे. नापास झालं तर कप तसाच भरलेला ठेवून "येतो" म्हणून निघायचे. हे सगळ्यांना इतकं पाठ झालं होतं की गिऱ्हाईक मशीनकडे बघायचंच नाही. कपाकडे बघत उभं राहायचं.

माझी आई पर्युषणात आठ-आठ दिवस उपास करायची, त्यामुळे तोंडासमोरचं न खाण्यातली ताकद मला नवी नव्हती. पण भुसावळला जे बघितलं त्यानं मीही चाट पडलो. तिथल्या एका वर्कशॉपवाल्याला आपलं मशीन पास करून घ्यायचंच होतं. त्यानं नानांची चहाची अडचण ऐकली होती, म्हणून चहा टाळून थेट जेवण मांडलं. हिवाळ्याचे दिवस, शेतातल्या तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मी वांगं खात नाही, पण वास तर येतोच. नाना सकाळपासून उपाशी. ते पाटावर ठेवलेल्या ताटाला वळसा घालून मशीनकडे गेले आणि दुपार टळेपर्यंत त्या लेथचा पिच्छा पुरवला. यजमानाचा चेहरा भरताबरोबर गार होत गेला. शेवटी नाना हात पुसत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा." मशीन अव्वल निघालं होतं. नाना दोन माणसांचं जेवले आणि तिसऱ्याच्या ताटाकडे बघत होते. त्यानंतर भुसावळ भागात एखादी गोष्ट चोख असली की "नानांनी ताट मागितलं" असं म्हणायची पद्धतच पडली.

पण असा माणूस धंद्यात एकटा पडतो, हेही मी बघितलं. लोक त्यांना बोलवायचे, मानायचे, आणि काम झालं की सुटल्यासारखे व्हायचे. कुणाच्या वास्तुशांतीला, मुलीच्या साखरपुड्याला नानांना आमंत्रण नसायचं. न जाणो, म्हातारा येऊन नव्या घराच्या भिंतीला लोहचुंबक लावायचा! आणि तो लावलाही असता. त्यांना परीक्षा केल्याशिवाय राहवायचंच नाही. आक्का गेल्या त्या दिवशी शववाहिनीत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. नाना सबंध रस्ता मान खाली घालून बसले होते. नेरी नाक्याच्या स्मशानाशी गाडी उभी राहिली तेव्हा उतरून ते आधी ड्रायव्हरकडे गेले आणि म्हणाले, "मागलं डावं बेअरिंग जायेल शे. बदली ले." आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. तो बिचारा अनोळखी माणूस, त्याला काय करावं कळेना. मी चार पावलांवर उभा होतो. ते माझ्या खांद्याशी आले नाहीत याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं.

आता आक्का असतानाच्या एका चुकीबद्दल सांगायला हवं, कारण नानांचं पुढचं सगळं आयुष्य तिच्याभोवतीच फिरलं.

जामनेरला एका व्यापाऱ्यानं जिनिंग बंद केलं आणि तिथला मोठा लेथ विकायला काढला. घेणारा होता वरणगावचा एक निवृत्त गृहस्थ. मुलाला वर्कशॉप टाकून द्यायचं त्याच्या मनात होतं. मी गाडी चालवत होतो. नानांना तेव्हा नुकताच साखरेचा आजार निघालेला. सकाळची गोळी घेतली आणि खायचं विसरले, कारण बोलत होते. शेडमध्ये पत्रे तापलेले. नानांचं लोहचुंबक फिरवून, सॅडल घट्ट करून झालं होतं आणि सॅडल निम्म्या वाटेत अडकली होती. मला दिसलं; त्यांनी अडकल्या जागी बोट ठेवलं आणि त्यांचं ते बोट थरथरायला लागलं. सगळं अंग घामानं निथळलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि बिस्किटं आणायला रस्त्याकडे पळालो. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या भावानं घाबरून हातातला गोड चहाचा कप त्यांच्या ओठाला लावला आणि नाना तो घटाघटा प्याले.

वरणगावचा गृहस्थ शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याला घामही दिसला नाही नि थरथरही दिसली नाही. त्याला रिकामा कप दिसला. तो इतका आनंदला की पिशवीतला नारळ काढून त्यानं तिथल्या तिथं चकसमोर फोडला. आमच्याकडे नारळ फुटला की सौदा झाला. मग मागं फिरणारा माणूस बाजारात तोंड दाखवू शकत नाही. मी बिस्किटांचा पुडा घेऊन आलो तेव्हा सगळे एकमेकांना खोबरं देत होते आणि नाना पांढऱ्याफटक चेहऱ्यानं हातातल्या कपाकडे बघत बसले होते.

बिस्किटं खाऊन ते उठले. वरणगावच्या गृहस्थाला म्हणाले, "बेड गेलेला आहे. हे मशीन मुलाला देऊ नका."

"मग आपण चहा कसा घेतलात?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

"तुम्ही कप बघितलात, तुमची चूक नाही. कप माझा होता." आणि व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "हा नारळ माझा धरा. मशीन मी घेतलं."

मी त्यांना गाडीत खूप बोललो. साखर उतरली होती, जीवावर बेतलं होतं, कुणीही समजून घेतलं असतं, वगैरे. ते खिडकीतून केळीच्या बागा बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "लोक कारण नाही बघत शेठ. कप बघतात."

असा तो सोळा फुटी लेथ क्रेननं नानांच्या शेडमध्ये आला. माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्यांची छोटी शेड होती. लेथ आत मावावा म्हणून मागची भिंत फोडून पत्र्याची झापडी बाहेर काढावी लागली. आक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जलमभर लोकेसना मशिनीसले नावं ठेयी, आनि घरमा हाई लई उनात!" नाना हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी मशीनचा रंग खरवडायला घेतला.

पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. एकदा चुकून पास झालेलं मशीन खरंच पास होण्याजोगं करायचं. मगच त्याच्या शेजारी बसून चहा प्यायचा. तो एक कप प्याला की जामनेरचा कप फिटला. बस, एवढंच. दुसरं कुणी असतं तर बेड एखाद्या मोठ्या शहरात पाठवून ग्राइंडरवर घासून आणला असता. नानांनी ते हातानं करायला घेतलं. बेडवर निळा रंग पुसट लावायचा, सरळपट्टी फिरवायची, जिथं उंचवटा तिथं रंग पुसला जातो, मग तेवढाच उंचवटा हातातल्या धारदार पातीनं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी. "बठ्ठं करता येस शेठ, खड्डा भरता येत नही," त्यांनी मला समजावलं. बाकी सगळं करता येतं, पण चकजवळचा खड्डा वर आणता येत नाही. म्हणून उरलेला सगळा चांगला बेड त्या खड्ड्याच्या पातळीपर्यंत खाली आणायचा. माझ्यासारख्या दुकानदाराला हा शुद्ध वेडेपणा वाटला आणि मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "तू बेअरिंग विक."

त्या दिवसापासून नानांनी आपल्या शेडमध्ये चहा पिणं बंद केलं. परीक्षेला बसलेल्या मशीनशेजारी कसा प्यायचा? ते सकाळी माझ्या दुकानात यायचे, दुपारी यायचे, संध्याकाळी शेड बंद करून यायचे. टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी बिनसाखरेचा वेगळा ठेवलेला असायचा. काउंटरच्या आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या खुंटीखाली त्यांचं स्टूल. येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारत ते कप संपवायचे. बोटांच्या पेरांत निळा रंग बसलेला असायचा, तो काही केल्या निघत नसे. माझ्या कुटुंबाला वाटायचं, नानांना माझा लळा आहे. मीही तसंच धरून चाललो होतो. एकदा बोलता बोलता त्यांनी शेडमधल्या चहाचं कारण सांगितलं, तेव्हा मी जरा हिरमुसलो. म्हणजे हा माणूस माझ्यासाठी येत नव्हता तर! त्यांच्या शेडमध्ये चहाला बंदी होती म्हणून येत होता. मी हे कधी बोललो नाही. अशा गोष्टी पुरुष माणसं एकमेकांना विचारत नाहीत.

आक्का गेल्या, तरी खरवडणं चालूच राहिलं. मुलगा पुण्याला होता, तो बोलवायचा. नाना "बेड होऊ दे" म्हणायचे. लेथ बघायची बोलावणी कमी झाली. जो तो संगणकावर चालणारी नवी मशीनं घ्यायला लागला आणि जुनी थेट भंगारात जायला लागली. मी कधी त्यांच्या शेडमध्ये डोकवायचो. खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ते बेडवर वाकलेले, खर्र खर्र असा बारीक आवाज, आणि त्या आवाजाशी ते हळू अहिराणीत बोलत असायचे. माझ्याशी ते इतकं मऊ कधी बोलले नाहीत. मला तिथं उभं राहायचा संकोच वाटायचा आणि मी आल्या पावली परत फिरायचो.

मग मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं तरी नजरेत पूर्वीची धार राहिली नाही. जागेच्या मालकानं शेडसकट सगळा पट्टाच विकला. मुलानं यायची तारीख कळवली. लेथचं काय करायचं, हा एकच प्रश्न उरला. भंगारवाला येऊन बघून गेला होता. तो गॅस कटरनं जागेवर तुकडे करणार होता. हे मी ऐकलं आणि धुळ्याच्या राजूला फोन केला. राजूचे वडील नानांबरोबर गिरणीत होते. त्याचं आता जिनिंगच्या रोलरचं काम होतं आणि त्याला लांब लेथ हवाच होता. राजू दुसऱ्याच दिवशी आला. आल्या आल्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "वडील सांगी गयात, नानाना हातनं मशीन लेवानं व्हई तं मशीन देखू नको, कप देख."

 नानांचा एक घोट, आणि मशीन चालतं राहणार होतं, जामनेरचा हिशेबही मिटणार होता.

नाना इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मला म्हणाले, "तीन कप आण." तीन! मी स्वतः टपरीवर जाऊन किटली घेऊन आलो. वाटेत मला हसू येत होतं. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये चहा पहिल्यांदाच शिरत होता.

आत नानांनी चकमध्ये लांब दांडा बांधला होता. मशीन सुरू झालं. काय सुरेख आवाज होता त्याचा, गाय रवंथ करते तसा शांत. सागाची दांडी त्यांनी कानाला लावली, मान हलवली, ती राजूच्या कानाला लावली. सॅडल चकजवळ घट्ट करून ते फिरवत फिरवत शेवटापर्यंत गेले. कुठंही अडकली नाही. राजू "वा नाना" म्हणाला. मग त्यांनी तो दांडा चकजवळ आणि लांब अशा दोन ठिकाणी बारीक तासला, मशीन बंद केलं आणि दोन्ही जागी माप घेतलं; ते सारखं यायला हवं होतं. डोळ्यांना नीट दिसेना म्हणून माप उजेडाकडे धरलं. पुन्हा घेतलं. पुन्हा एकदा घेतलं.

मी कप भरले. त्यांनी एक राजूला दिला, एक मला. तिसरा हातात घेतला. आणि चकजवळ बेडवर अलगद ठेवून दिला.

 चहावर साय धरायला लागली. मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "केसाएवढा फरक असेल नाना. प्या. त्याला काय कळणार आहे?"

"त्याले समजाव नही," नाना म्हणाले आणि बेडवर हात ठेवला, "पन इले समजी."

राजू पुढं झाला. "नाना, माले नुसता रोलर तासना शेतस. इतला फरक चालस."

"तुले चालस. माले चालत नही."

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. जन्मभर निकालाआधी कुणाच्या घरी चहा घेतला नाही, आक्का गेल्या, डोळे गेले, आणि अजूनही हा केसाएवढ्या खड्ड्याशी भांडतोय. उद्या गॅस कटर येईल तेव्हा काय करशील, असं मी ओरडणार होतो. पण नाना त्या कपाकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती. मी तोंड वळवून किटलीचं झाकण लावलं.

मग ते राजूला म्हणाले, "मशीन म्हनीसन देत नही. भंगारना भावमा ली जाय. आनि कोनी इचारं तं सांगजो, सुपडूनी पास करेल नही."

राजूनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. नारळ त्यानं आणला होता, पण तो पिशवीतून काढायचा धीर त्याला झाला नाही.

लेथ गेला त्या दिवशी क्रेनच्या माणसांना नानांनी एक शब्दही सांगितला नाही, आणि त्यावरून ते आतून किती मोडलेत ते मी ओळखलं. ट्रक धुळे रोडला लागला. मी दुकान उघडून बसलो. दुपारच्या चहाची वेळ झाली, स्टूल रिकामंच राहिलं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यांचा फोन आला. "दोन कप घेऊन ये. इथं."

शेड एवढी मोठी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जमिनीवर तेलाचा लांब काळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही कडांना पायांच्या बोल्टची भोकं. नाना त्या पट्ट्याच्या टोकाला, जिथं चक होता तिथं, पालथ्या बादलीवर बसले होते. शर्ट तोच, इस्त्रीचा. खाकी पिशवी भरून शेजारी ठेवलेली. सकाळी मुलगा गाडी घेऊन येणार होता. मी त्यांना कप दिला आणि समोर उकिडवा बसलो.

त्यांनी कप थोडा वेळ नुसता धरून ठेवला, सवयीनं. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि हळूहळू, घोट घोट घेत, सगळा चहा प्याले. आता तिथं परीक्षा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी विचारलं, "बिनसाखरेचाच आहे ना? त्याला सांगितलं होतं मी."

"बिनसाखरनाच शे," ते म्हणाले. रिकामा कप त्यांनी तेलाच्या पट्ट्यावर पालथा घातला. आयुष्यभर मला शेठ म्हणणारा तो माणूस पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुना दुकानमा गोड लागे, भाऊ."